माणदेशातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी स्मृतीची चाचणी : जून ते डिसेंबर २०२३ च्या नोंदी

बाहेर तयार झालेली एखादी चाचणी आपल्या भागातल्या माणसांवर वापरायची कुणाला असेल, तर त्यांच्या कामी याव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. चुका तशाच राहू दिल्यात. गावांची आणि माणसांची नावं घातलेली नाहीत. मी पुण्याची, मानसशास्त्रात शिकलेली. सोबत सातारा जिल्ह्यातल्याच तीन सर्वेक्षक मुली, एक मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर (महिन्यातून दोन दिवस) आणि चार गावांतल्या आशाताई.

१२ जून २०२३, सोमवार

काम साधं वाटतंय. साठीच्या पुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाची शंका कुणाबद्दल घ्यावी, हे आशाताईंना पंधरा मिनिटांत कळावं अशी मराठी चाचणी हवी आहे. जगभर चालते ती एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, स्मृती आणि भान तपासणारी छोटी चाचणी), १९७५ सालची, ३० गुणांची. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायचे (५ गुण), एक वाक्य वाचून तसं करायचं (१), एक वाक्य लिहायचं (१) आणि दोन पंचकोन काढायचे (१). म्हणजे ३० पैकी ८ गुण उघडउघड शाळेचे. आमच्या यादीतल्या बहुतेक आज्यांनी शाळेचा उंबरा ओलांडलेला नाही. त्यांची सुरुवातच बाविसावर.

हरियाणातल्या बल्लभगडला याच अडचणीतून हिंदी चाचणी तयार झाली आणि १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात शंभरातून सातऐवजी विसातून तीन, वाचण्याऐवजी समोरच्याचं बघून डोळे मिटणं, लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य बोलणं असे बदल आहेत. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) अशा चाचण्यांची नवी साधनपेटी पाच भाषांत निघाली, पण त्या पाचांत मराठी नव्हती. तेव्हा हिंदीवरून मराठी करावी असं ठरवलं. हिंदीवरून मराठीला कितीसा वेळ लागणार, असं मी बैठकीत म्हणाले. वहीत लिहून ठेवते, पुढे वाचायला बरं.

पहिली चूक अर्ज लिहितानाच झाली. एमएमएसईचे हक्क राखीव आहेत आणि वापराला पैसे पडतात, हे मला अर्ज लिहून झाल्यावर कळलं. नीतिसमितीकडे गेलेला प्रस्ताव परत मागवला, त्यात नऊ दिवस गेले. आता प्रश्न आमचे आम्ही बांधतोय, मूळ चाचण्यांचा सांगाडा नजरेसमोर ठेवून. तुम्ही करणार असाल तर हक्कांची चौकशी आधी करा, भाषांतराला मग बसा.

२६ जून

भाषांतराचा पुस्तकात दिलेला रस्ता असा : एकानं मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलट फिरवायचं, मग दोन्ही जुळवून पाहायचं. दोन भाषांतरकारांना प्रत्येकी ₹६,००० दिले. उलट भाषांतर जवळजवळ शब्दशः जुळलं. मी खूश.

संध्याकाळी तीच मराठी आमच्या सर्वेक्षक मुलीनं तिच्या आजीला फोनवर वाचून दाखवली. "मी आता तीन वस्तूंची नावे उच्चारेन, ती लक्षपूर्वक ऐकून त्याच क्रमाने सांगा." आजी म्हणाली, "टीवीवरची बाई बोलतीया व्हय?"

उलट भाषांतर जुळण्याचं कारण आत्ता उमगलं. मराठी इतकी पुस्तकी होती की तिच्याखालची मूळ भाषा आरपार दिसत होती. भाषांतरकारानं ती नुसती उचलून परत ठेवली. चांगल्या बोलीतलं वाक्य उलट फिरवलं तर थोडं वाकडं यायलाच हवं. 'वजा करा'चं 'काढून टाका' झालं, 'क्रमाने'चं 'एकामागं एक' झालं. 'लक्षपूर्वक' गेलं. हे सगळं आम्ही भाषांतरकारांकडून नाही, तर दोन आशाताई आणि एका निवृत्त ग्रामसेवकांबरोबर ओट्यावर बसून केलं. चहाचे ₹१४० झाले.

८ जुलै, शनिवार

पहिला दिवस गावात. सहा जणांची चाचणी घेतली, सहाही फॉर्म रद्द.

हिंदीतले तीन शब्द आंबा, खुर्ची, नाणं. आम्ही तेच घेतले होते. पहिल्या आजींनी परत सांगितलं : "आंबा, खुर्ची, दाणं." दुसऱ्या आबांनीही "दाणं". तिसऱ्या आजी म्हणाल्या, "कसलं नानं?" 'नाणं' हा शब्द इथं कुणी बोलत नाही. रुपया म्हणतात, पैसं म्हणतात, सुट्टं म्हणतात. त्यातून कानाला कमी ऐकू येत असेल तर ओळखीचा शब्दच ऐकू येतो, आणि जवारीच्या गावात तो दाणं असणारच.

मग खुर्ची. आम्हाला बसायला प्रत्येक घरातून लाल प्लास्टिकची खुर्ची आणून दिली जाते. पाच मिनिटांनी "मघाशी कोणते तीन शब्द सांगितले होते?" असं विचारलं की माणूस इकडे-तिकडे बघतो, आणि माझ्या बुडाखालची खुर्ची त्याला दिसते. ही स्मरणाची परीक्षा नव्हे.

रात्री मुक्कामाच्या खोलीत दीड तास शब्द शोधले. घोंगडं घरोघर दिसतं. विळा दावणीला अडकवलेला असतो. शेवटी आंबा, घोडा, रुपया. घोडा या चार गावांत कुणाकडे नाही, आणि माहीत मात्र प्रत्येकाला आहे. तिन्ही शब्द तोंडात बसतात, दातांची कवळी नसली तरी.

आणखी एक, आणि हे सगळ्यात आधी करायला हवं होतं : कान. सहापैकी दोघांना आमचं बोलणंच नीट ऐकू येत नव्हतं. त्यांना कमी गुण पडले ते मेंदूमुळे नव्हे. आता पहिल्या पानावर कानाची तपासणी आहे : हातभर अंतरावरून, ओठ न दाखवता, हळू आवाजात माणसाचंच नाव घ्यायचं. ओ दिली तर पुढे जायचं. नाहीतर कानाला लावायचं छोटं ध्वनिवर्धक यंत्र आणलंय (₹१,८५०), ते लावून.

११ जुलै

एका मुलीनं तपासलेले फॉर्म बाकी दोघींपेक्षा सरासरी चार गुणांनी खाली येत होते. ती सातारा शहरात वाढलेली, शुद्धलेखनात पक्की. फॉर्मवर वारांची उलटी यादी छापलेली होती : रविवार, शनिवार, शुक्रवार, गुरुवार... एका तात्यांनी सांगितलं, "ऐतवार, शनवार, सुक्करवार, बेस्तरवार, बुधवार, मंगळवार, सोमवार." सातच्या सात बरोबर. हिनं चार चुका धरल्या होत्या.

पुन्हा म्हणायचं वाक्यही तसंच. मूळ इंग्रजीत ते नुसत्या अव्ययांचं, अर्थ पकडता न येणारं वाक्य आहे. पहिल्यांदा मी हौसेनं "काळे राळे गोरे राळे" घातलं होतं. ते म्हाताऱ्यांना लहानपणापासून पाठ! अर्धवट ऐकलं तरी पुढचं तोंडातून आपोआप बाहेर पडतं, म्हणजे ऐकलेलं परत म्हणता येतं का हे कळतच नाही. ते काढून "ना हे, ना ते, ना दुसरं काही" घेतलं. आता लोक म्हणतात "ना ह्ये, ना त्ये, ना दुसरं कायी", आणि आमच्या शुद्धलेखनवाल्या बाई शून्य देतात.

गुण देण्याच्या सूचनांत आता बोलीतले उच्चार छापलेत. ज्या चुका आम्ही चुका धरत होतो त्या माणसाच्या नव्हत्याच, आमच्या कानाच्या होत्या. जुन्या फॉर्मचे १२० संच रद्दीत गेले, ₹३,६००.

१९ जुलै, बुधवार

आजचा दिवस या सगळ्या कामाचा कणा ठरेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न होता : आज तारीख किती, महिना कोणता, साल कोणतं. पंचाहत्तरीच्या एका आजींना विचारलं.

"तारीख आमाला काय करायची बाई?"

"बरं, महिना कोणता चाललाय आजी?"

"धोंड्याचा."

मुलीनं फॉर्मवर शून्य टाकला. उत्तरपत्रिकेत 'जुलै किंवा आषाढ/श्रावण' एवढंच होतं. मी थांबवलं आणि आजींना म्हटलं, "म्हणजे कसं?"

"आवो, परवा अमुशा झाली न्हाय का सोमवारची? काल धोंड्याचा म्हयना लागला. आज बीज. जावई यायचाय रविवारी, धोंडं करायचं हायती."

फोनवर पंचांग उघडलं. सोमवारी १७ तारखेला अमावास्या, १८ ला अधिक श्रावण सुरू, १९ ला द्वितीया. बाई एका दिवसाचीही चुकलेली नव्हती. उलट मलाच अधिक महिना लागलाय हे माहीत नव्हतं. कालप्रवाहाचं भान तपासायचं तर त्या अंगणात शून्य मला पडायला हवा होता.

हा प्रश्न चाचणीत कशासाठी असतो? माणसाला तारीख पाठ आहे का हे बघायला नव्हे. काळ पुढे सरकतोय त्याच्याबरोबर तो सरकतोय का, हे बघायला. ज्याच्या घरात पगार पहिल्या तारखेला येतो, त्याचा काळ तारखेनं सरकतो. आजींचा काळ अमुशा-पुनवेनं, उपासानं आणि बाजाराच्या दिवसानं सरकतो. तेव्हा प्रश्न बदलला. 'तारीख किंवा तिथी, कुठलंही एक. एका दिवसाचा फरक चालेल.' 'महिना इंग्रजी किंवा मराठी. अधिक मासात अधिक, धोंड्याचा, मलमास, पुरुषोत्तम मास, सगळं बरोबर.' आणि एक नवा प्रश्न : 'बाजार कधी झाला, आता किती दिवसांनी आहे?' सर्वेक्षक मुलींच्या पिशवीत आता भिंतीवरची दिनदर्शिका असते, त्यांना स्वतःला तिथी येत नाही म्हणून.

वयाचीही हीच गत. आधार कार्डावर निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जानेवारी. वयानुसार गुणांची पातळी ठरवायची तर वय नक्की हवं. आम्ही आता घटनांवरून काढतो : कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होता की कडेवर होता? दुष्काळात खायला मिळायची ती सुकडी आठवते का? सुकडीचं नाव काढलं की माणसं दहा मिनिटं बोलत राहतात, त्यामुळे वेळ जातो. पण त्या दहा मिनिटांत डॉक्टरांना जे कळतं ते फॉर्ममध्ये कुठंच नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार

संकष्टी. निम्म्या बायकांना उपास, दुपारनंतर गुण घसरलेले. एकादशी-संकष्टीला चाचणी नको, हा नियम आजपासून.

तीन पायऱ्यांची सूचना : उजव्या हातात कागद घ्या, मधोमध घडी घाला, खाली ठेवा. इथं दोन गोष्टी अडल्या. एक, कागद जमिनीवर ठेवायला लोक तयार नाहीत. विद्या आहे ती, पाय लागेल. घडी घालून कपाळाला लावतात आणि परत माझ्या हातात देतात. दुसरी अडचण मोठी. कागद पुढे केला की आजी अंगठा पुढे करते. "कुठं उठवायचा?" शंभर वेळा कागदावर अंगठा उठवलेल्या बाईला कागद हा घडी घालायचा पदार्थच वाटत नाही.

त्यातूनच दुसरा घोळ बाहेर आला. आम्ही निराधार योजनेची तपासणी करायला आलोय अशी गावात बातमी आहे. त्यामुळे एका आळीतले लोक मुद्दाम "काय आठवत न्हाई" म्हणत होते, पगार सुरू राहावा म्हणून (इथं पेन्शनला पगारच म्हणतात). पलीकडच्या आळीत उलटं : वेडं ठरवून नाव काढतील म्हणून सून मागून उत्तरं सांगत होती. एकाच गावात दोन्ही दिशांनी चूक. आठवड्याचे एकवीस फॉर्म बाजूला ठेवले. ग्रामपंचायतीसमोर दवंडीसारखं सांगावं लागलं, आणि ते आशाताईंनी सांगितल्यावरच लोकांना पटलं.

कागदाच्या जागी फडकं घेतलं. 'उजव्या हातात घ्या, दुमडा, मांडीवर ठेवा.' एकदाही अडलं नाही.

२१ ऑगस्ट

नागपंचमी. लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले. काम बंद. चाचणी घ्यायला गेलेल्या आम्हाला सगळ्यांना दिंडं खायला घालून परत पाठवलं.

२९ ऑगस्ट

ऋतू कोणता? अपेक्षित उत्तर पावसाळा.

एक आबा बराच वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उन्हाळाच म्हणा की." दुसरे म्हणाले, "दुष्काळ." तिसऱ्या आजी हसल्या : "कागदाला पावसाळा हाय, रानाला न्हाय."

महिनाभर या भागात पाऊस नाही. पुढं कळलं की देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट हाच. खरीप करपतंय आणि आम्ही दारात उभं राहून विचारतोय, ऋतू कोणता. आबांना शून्य देणं मला जमलं नाही, आणि एक गुण देणंही बरोबर नव्हतं, कारण खरोखर गोंधळलेला माणूसही 'उन्हाळा'च म्हणेल. डॉक्टरांशी फोनवर वाद झाला. त्यांचं म्हणणं, प्रश्न काढून टाका. माझं म्हणणं, पुढचा प्रश्न जोडा : "असं का म्हणता?" ज्यानं पाऊस नाही असं सांगितलं त्याला गुण. ठेवलाय तसा. पण 'का' विचारल्यामुळे हा प्रश्न आशाताईंच्या हातात अवघड होतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

९ सप्टेंबर

आकृती. पंचकोनाऐवजी चौकोनात चौकोन केला होता, तरी गाडं पेन्सिलीवर अडलं. सत्तर वर्षांत पेन्सिल न धरलेला हात थरथरतो, कागद सरकतो, आणि माणूस ओशाळतो. ओशाळला की पुढचे प्रश्नही गेले.

मी मोठी कल्पना लढवली : रांगोळी! सहा ठिपके देऊन नक्षी जोडायला सांगायची. बायकांनी एका झटक्यात जोडली, काहींनी वर दोन फुलं काढून दिली. पुरुषांनी चिमूट हातात धरायलाच नकार दिला. "ते बायकांचं." शाळेचा पक्षपात काढायला गेले आणि बाईपणाचा घालून बसले. पाच दिवस आणि रांगोळीचे दोन किलो गेले.

नायजेरियात इबादानला अशाच अडचणीवर काड्यांची चाचणी केली गेली होती, २००५ साली तिच्यावर लेख आला. काड्या मांडून आकृती दाखवायची आणि तशीच मांडायला सांगायची. आगपेट्यांचा अख्खा पुडा आणला. गुल कापून टाकलं, कारण एका आबांनी पहिल्याच घरात काडी ओढून विडी पेटवली. बायका, पुरुष, शिकलेले, न शिकलेले, सगळ्यांना काड्या सारख्याच परक्या आणि सारख्याच ओळखीच्या. या सबंध कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकलेला बदल हाच.

२३ सप्टेंबर

एका मिनिटात जितकी जनावरं आठवतील तितकी सांगा. मेंढपाळ आबा : "मेंढी, मेंढा, कोकरू, शेळी, बोकड, करडू, पाट, म्हस, रेडा, रेडकू, गाय, बैल, खोंड, कालवड, वासरू..." मुलीला लिहिता लिहिता पुरेना. नियमपुस्तक म्हणतं, एकाच प्राण्याचे नर, मादी, पिल्लं वेगळे धरू नका. मग त्या आबांचे पंधराचे चार होतात, आणि टीव्हीवर पाहिलेला वाघ-सिंह-हत्ती सांगणारा शहरी माणूस पुढे जातो. ज्याला बोलीत स्वतंत्र नाव आहे ते स्वतंत्र जनावर, असं ठरवलं. पुण्याच्या आकड्यांशी मग तुलना करता येणार नाही, हे मान्य. ती करायचीही नव्हती.

७ ऑक्टोबर

दोन माणसं, एकाच गल्लीतली.

पहिले मुंबईला गिरणीत होते, ब्याऐंशीच्या संपानंतर गावी आले. सातवी पास, पेपर रोज. आमच्या चाचणीत एकच गुण कमी. डॉक्टरांच्या तपासणीत मात्र स्मृतिभ्रंश स्पष्ट. गेल्या दोन महिन्यांत दोनदा शेताची वाट चुकले, एकदा बैल सोडून घरी आले. शाळा आणि पेपर यांच्या जोरावर ते चाचणी ओढून नेतात.

दुसऱ्या आजी, अक्षरओळख नाही, आमच्या चाचणीत बऱ्याच खाली. एकट्या राहतात, सोळा शेळ्या सांभाळतात, कुणाचे किती उसने आहेत हे तोंडपाठ. त्यांना काहीही झालेलं नाही.

इतके महिने शाळेचे प्रश्न एकेक करून उपटले, तरी शाळा कुठेतरी उरलीच आहे. बाईशी समोरासमोर बसून एकामागून एक निरर्थक प्रश्न विचारायचे आणि तिनं उत्तरं द्यायची, हा प्रकारच शाळेतला. आजींनी मध्येच विचारलं होतं, "तुमाला म्हाईत न्हाई व्हय ह्ये?" ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत आहे असा प्रश्न शाळेबाहेर कुणी विचारत नाही.

यावरून दोन गोष्टी ठरल्या. जिच्याखाली शंका घ्यायची ती गुणांची रेषा एक नसेल, न शिकलेले आणि शिकलेले अशा दोन असतील, आणि त्या डॉक्टरांनी तपासलेली पुरेशी माणसं झाल्यावरच आखायच्या. दुसरं, घरच्यांना विचारल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. एक जुने सर भेटले, ज्यांनी उमेदीच्या काळात नागपूरला मालिन यांची मुलांची बुद्धिचाचणी घेतली होती. ते म्हणाले, "अहो, कामतांनी धारवाडला बिने यांची बुद्धिचाचणी कन्नड-मराठीत आणली १९३४ साली. तेव्हापासून आपण हेच रडतोय." सरांनी हे सांगितलं आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

२१ ऑक्टोबर

घरच्यांचे प्रश्न. "सासूबाई विसरतात का?" हे सुनेला विचारलं, सासूबाई शेजारी बसलेल्या. उत्तर : "न्हाई ओ, वयामानानं." आतल्या खोलीत चूल शिलगावता शिलगावता तीच सून म्हणाली, "दोनदा दूध गॅसवर ठिवून इसरल्या, आन् माझ्या दिराला त्यांच्या भावाच्या नावानं हाक मारत्यात."

आता नियम : घरच्यांना वेगळं, शक्यतो काम करता करता विचारायचं. प्रश्नांतून 'पैशांचे व्यवहार करता येतात का', 'फोन लावता येतो का' काढले, कारण ज्या बाईनं आयुष्यात हे कधी केलंच नाही तिला ते आता येत नाही यातून काय कळणार? त्याऐवजी : चुलीवरचं भांडं विसरतात का, ओळखीच्या घरी जाताना वाट चुकतात का, नातवंडांची नावं उलटीपालटी होतात का, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात का. बल्लभगडच्या लोकांनी घरच्यांसाठी अशीच वेगळी यादी केली होती. ती आधीच वाचली असती तर पंधरा दिवस वाचले असते.

'स्मृतिभ्रंश', 'भ्रमिष्ट', 'चळ' हे शब्द फॉर्मवर नकोत. 'इसराळूपणा' चालतो, कुणाला लागत नाही.

४ नोव्हेंबर : हिशेब

भाषांतर ₹१२,०००. वाया गेलेली छपाई (तीन वेळा मिळून) ₹९,२००. गाडी ₹४१,५००. कानाचं यंत्र ₹१,८५०. फडकी, काड्या, दिनदर्शिका ₹३१०. सर्वेक्षकांचं मानधन वेगळं. भाषांतराला ठेवलेले पैसे जवळजवळ फुकट गेले. गाडीला ठेवलेले कमी पडले. पुन्हा करायचं झालं तर मी भाषांतरकाराऐवजी दोन आशाताईंना महिनाभर पूर्ण मानधनावर घेईन.

ज्यांचे गुण कमी आले आणि डॉक्टरांनी दुजोरा दिला, त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची सोय आम्ही चाचणी सुरू झाल्यावर केली. आधी करायला हवी होती. पहिल्या दोन कुटुंबांना आम्ही नुसती वाईट बातमी देऊन आलो.

२ डिसेंबर, शनिवार

पुनर्चाचणी. त्याच माणसांची पंधरा दिवसांनी पुन्हा, गुण तेवढेच येतात का बघायला.

गाडी वेशीतून आत शिरली आणि मारुतीच्या देवळापाशी खेळणारी पोरं गाडीमागं धावत ओरडायला लागली : "आंबा, घोडा, रुपयाऽऽ!"

पहिल्या घरी आजी दारातच उभ्या. मी बसायच्या आत, "आंबा, घोडा, रुपया. ह्येच ना? चा ठिऊ का?" शेजारच्या आबांनी तर त्याची कोड्यासारखी गोष्ट बनवलेली : रुपया देऊन घोडा घेतला, घोड्यानं आंबा खाल्ला. पुनर्चाचणीत सगळ्यांचे गुण वाढलेत, गिरणीवाल्यांचे सोडून.

दोन गावांतली पुनर्चाचणी रद्द केली. मुलींबरोबर बसून तीन-तीन शब्दांच्या आणखी चार याद्या केल्या, आता गावागणिक वेगळी वापरायची. त्या इथं लिहीत नाही.